भूगोलाच्या बाईंचा सांबा

सकाळी दहाच्या सुमाराला बाईंच्या घरी गेलं की त्या आधी ओठांवर बोट ठेवायच्या. "हळू बोल गं. तिकडे रात्रीचा दीड वाजलाय. माणसं झोपलीत."

तिकडे म्हणजे रिओ दि जानेरोला. बाईंच्या बैठकीच्या खोलीत दोन घड्याळं होती. एक आपलं, ते मनाला येईल तसं चालायचं. दुसरं ब्राझीलचं, ते मात्र मिनिटाला बरोबर. मिरजगावात बसून ब्राझीलची झोपमोड होऊ नये म्हणून जपणारी दुसरी बाई माझ्या पाहण्यात नाही. दुपारचे चार वाजले की त्या स्वतःशीच "उठले सगळे" म्हणायच्या, पदर खोचायच्या आणि मोठ्यानं गायला बसायच्या. बसायच्या हे आपलं म्हणायचं. गाताना त्या कधी एका जागी बसल्या नाहीत.

मी त्यांची शाळेतली विद्यार्थिनी. आम्हाला त्या भूगोल शिकवायच्या, आणि त्यांच्या तासाला कुणाचीही बुडायची तयारी असायची, कारण बुडवायच्या त्याच. अ‍ॅमेझॉन शिकवताना त्यांनी अख्खा वर्ग उठवून उपनद्या केला होता. मागच्या बाकांवरून आम्ही खळाळत निघायचं, मधल्या रांगेत एकमेकींना मिळायचं आणि दारातून समुद्रात, म्हणजे व्हरांड्यात, पडायचं. आवाज ऐकून मुख्याध्यापक आले ते नेमके प्रवाहात सापडले. बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, आता हलू नका. तुम्ही बेट व्हा." आणि सर खरंच बेट झाले. तास संपेपर्यंत उभे होते.

"नकाशा पाठ करू नका, त्यात राहायला जा," असं त्या सांगायच्या. त्यांचा स्वतःचा प्रवास म्हणाल तर पूर्वेला सोलापूर, पश्चिमेला पुणे, उत्तरेला माहेर नेवासा आणि दक्षिणेला कोल्हापूरची अंबाबाई, तीही एकदाच. पण ब्राझीलमध्ये पाऊस कुठून येतो आणि कुठे जाऊन पडतो हे त्या शेजारच्या गल्लीतलं सांगावं तसं सांगायच्या. चूक मात्र त्यांना खपायची नाही. नकाशात कुणी नदी उलटी वाहवली तर त्या व्यक्तीनं वर्गापुढे उभं राहून "माझं चुकलं" असं स्पष्ट म्हणायचं आणि लगेच खोडरबर घ्यायचं. रडायचं नाही, सबबी सांगायच्या नाहीत. त्यांचीच एकदा फळ्यावर एक नदी चुकली, तेव्हा त्या आमच्यापुढे उभ्या राहून तसंच म्हणाल्या होत्या.

सांबा त्यांच्या आयुष्यात आला तो नोकरीच्या शेवटच्या वर्षी. वर्गाला दाखवायला ब्राझीलचे कॉफीचे मळे मोबाईलवर शोधत होत्या, आणि मळ्यांच्या आधी हाती लागली एक मिरवणूक. कॉफी राहिली बाजूला. त्या मिरवणुकीत त्यांच्याच वयाची एक बाई गात होती, गात होती म्हणजे पळत होती, आणि तिच्याभोवती शंभरेक माणसं पायांना भिंगरी लागल्यासारखी नाचत होती. मला त्यांनी नंतर सांगितलं, "अगं, त्या दिवशी मला कळलं की माझ्या पायांना कुणी काम दिलंच नव्हतं. नुसते फळ्यापुढे उभे करून ठेवले होते."

झालं. बाई पोर्तुगीज शिकायला लागल्या. शिक्षक कोणी नाही, मोबाईल आणि दोन कान. भाजी घेतली की "ओब्रिगादा" म्हणायच्या, म्हणजे आभारी आहे. एसटीच्या कंडक्टरनं सुटे दिले की ओब्रिगादा. गॅसवाल्यानं सिलिंडर आपटला तरी ओब्रिगादा. आठवडी बाजारात बसणाऱ्या हौसाबाई तर त्यांना उलट ओब्रिगादा म्हणून कोथिंबिरीच्या दोन काड्या जास्त द्यायला लागल्या होत्या.

त्यांचं पहिलं जाहीर गाणं झालं ते त्यांच्याच निरोप समारंभात. निरोप समारंभ कसा असतो ते आपल्याला ठाऊक आहे. शाल, श्रीफळ, कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, आणि ठरल्या वेळी रडणाऱ्या मुली. बाई सत्काराला उत्तर द्यायला उठल्या, ताठ उभ्या राहिल्या आणि डोळे मिटून पोर्तुगीजमध्ये गायला लागल्या. प्रमुख पाहुण्यांना वाटलं, काहीतरी प्रार्थना असावी. ते उभे राहिले. ते उभे राहिले म्हणून संस्थेचे लोक उभे राहिले, मग सगळा मंडप. सगळे हात जोडून उभे, आणि तेवढ्यात बाईंची कंबर हलायला लागली. आता बसावं की उभं राहावं हे कुणालाच कळेना. पाहुणे अर्धे वाकलेल्या अवस्थेत राहिले ते गाणं संपेपर्यंत.

त्यानंतर गावानं त्यांना सोडलं नाही. हळदीला बाई, डोहाळजेवणाला बाई, नव्या ट्रॅक्टरच्या पूजेला बाई. मानधन विचारलं तर "नारळ द्या, फोडलेला नको" एवढंच म्हणायच्या. आमच्याकडे पाण्याचं काय असतं ते सांगायला नको. पवारांच्या रानात बोअर घेताना त्यांना सहज बोलावलं होतं, आणि बाई गायला लागल्या आणि पाणी लागलं. मग प्रत्येक बोअरला बाई हव्यातच असं झालं. पुढे त्यांच्या गाण्यावर कितीतरी बोअर कोरडे गेले. पण आपल्याकडे कोरडा बोअर कुणी कुणाच्या नावावर मांडत नाही, पाणी लागलेला मात्र मांडतात, त्यामुळे बाईंची कीर्ती वाढतच गेली. त्या स्वतः मात्र खडकाचे थर समजावून सांगायच्या, आणि लोक मान डोलवून म्हणायचे, "ते झालं बाई, तुमी आदी गानं म्हना."

वाद्यवृंद त्यांनी गावातूनच उभा केला. हलगीला शंकरनाना, ज्यांच्या हलगीवर तालुक्यातले निम्मे नवरदेव मारुतीला गेले आहेत. ढोल गणपती मंडळाचा, टाळ भजनी मंडळाचे. खुळखुळ्यासाठी स्टीलच्या डब्यात मूठभर तूर. अडलं ते एका वाद्यापाशी. सांब्यात एक वाद्य असतं, ते कुणीतरी गुदगुल्या केल्यासारखं चिरकतं, आणि बाईंचं म्हणणं, त्याच्याशिवाय सांबा म्हणजे फोडणीशिवाय वरण. शेवटी टेम्पोवाल्या दत्तूनं ओला अंगठा फुग्यावर घासून तो आवाज काढून दाखवला. बाईंनी त्याला तिथल्या तिथे कायम केलं. प्रत्येक कार्यक्रमात एक-दोन फुगे फुटायचे, आणि लोकांना तो सांब्याचाच भाग वाटून टाळ्या तिथेच जास्त पडायच्या.

डोक्यावर पिसांचा मुकुट हवा म्हणून बाईंनी नवरदेवाचं जुनं बाशिंग आणलं आणि त्याला पिसं बांधली. पिसं एका माजी विद्यार्थ्याच्या पोल्ट्रीतली. ती पांढरी, म्हणून त्यांनी हळद, कुंकू आणि निळीत बुडवून रंगवली. नऊवारी, नाकात नथ, डोक्यावर कोंबड्यांची पिसं आणि पायात शाळेच्या पीटीचे पांढरे बूट. अशा वेषात त्या पहिल्यांदा रस्त्यानं निघाल्या तेव्हा गल्लीतली कुत्री भुंकायची विसरली.

शंकरनानांचं एकच म्हणणं असायचं. "बाई, गानं लई पळतंय तुमचं. बैल आस्तं तर येसन घातली आस्ती."

"नाना, तिकडे असंच म्हणतात. उत्साही माणसं आहेत."

"त्यास्नी दम लागत न्हाई व्हय?"

"समुद्रकाठची हवा आहे," बाई सांगायच्या. भूगोलाच्या बाईंकडे प्रत्येक गोष्टीला हवामानाचं कारण तयार असतं. नाना बिचारे रुमालानं मान पुसत पुन्हा हलगी तापवायला घ्यायचे. साठी ओलांडलेली बाई त्या वेगानं गायची आणि तिचा एक शब्द गिळला जायचा नाही, हे मी कानांनी ऐकलं आहे. शब्द कुठले, ते मात्र विचारू नका. अर्थ विचारला की बाई थोडा विचार करायच्या आणि सांगायच्या, "अर्थ असा आहे की, दुःख आहे, पण चल." दुसऱ्या गाण्याचा विचारला, तरी तोच. मी एकदा म्हटलं, बाई, सगळ्या गाण्यांचा एकच अर्थ कसा? त्या म्हणाल्या, "देश मोठा आहे, पण माणसांचं दुखणं काही फार वेगळं नसतं."

आता त्यांच्या यजमानांबद्दल सांगते, कारण त्यांच्याशिवाय हे चित्र पुरं होत नाही.

ते तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणतं. खिशाला पेन, पायजम्याला इस्त्री, आणि बोलणं सगळं शासकीय. भाजीत मीठ कमी असेल तर ते "मिठाबाबत फेरविचार व्हावा" असं म्हणायचे. बाईंनी सांब्याचा विषय पहिल्यांदा घरात काढला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि निर्णय दिला. "हे गाणं आहे की नाही हे ठरवण्याचा मला अधिकार नाही. तुलाही नाही. सक्षम प्राधिकाऱ्यानं साक्षांकित केलं तर विचार करू."

"आणि सक्षम प्राधिकारी कुठे भेटेल?"

"ब्राझीलला," भाऊसाहेब म्हणाले आणि छत्री घेऊन बाहेर पडले.

तेव्हापासून तो नेमच झाला. चार वाजले, बाईंनी पदर खोचला, की भाऊसाहेब छत्री आणि वर्तमानपत्र घेऊन उठायचे. गल्ली ओलांडली की पिंपळाचा पार आहे, त्यावर घराकडे पाठ करून बसायचे. गाणं थांबलं की घरी. बाईंच्या एकाही कार्यक्रमाला ते कधी गेले नाहीत. मुलीच्या सासरी हळदीला बाईंना आग्रहानं गायला लावलं, तेव्हाही हे आचाऱ्यापाशी जाऊन रश्श्याची पाहणी करत राहिले.

बाईंना हे लागायचं. त्या कधी तक्रार करणाऱ्यातल्या नव्हेत, पण एकदा मला चहा देताना म्हणाल्या, "अख्खा तालुका ऐकतो गं. आणि ज्यांच्या ताटात मी रोज वाढते ते उठून जातात. त्यांनी एकदा बसून ऐकावं, एवढंच मला हवंय. वाईट म्हटलं तरी चालेल, पण ऐकून म्हणावं." मी बशीतला चहा उगाच फुंकत राहिले.

आणि मग काय झालं, तर ब्राझील आपण होऊन आला.

मी सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. तिथे नवीन मशीन बसवायला एक इंजिनिअर आला. तिशीचा, उंच, लाजाळू, आणि उन्हानं टोमॅटोसारखा झालेला. पहिल्या दिवशी कँटीनमध्ये ठेचा खाऊन तो दहा मिनिटं भिंतीला टेकून उभा होता. मी पाणी देऊन विचारलं, कुठले तुम्ही? त्यानं डोळे पुसत सांगितलं, ब्राझील. मी त्याला तिथल्या तिथे विचारलं, सांबा कळतो का? तो म्हणाला, आमच्या बाजूला फारसा नाही, पण कळतो, लहानपणापासून कानावर आहे. मी बाईंना फोन लावला. म्हटलं, बाई, सक्षम प्राधिकारी सापडला.

मग बाई म्हणाल्या, "ह्यांना सांगते." फोन ठेवला, आणि लगेच पुन्हा त्यांचा फोन. "हे म्हणाले, येतो."

जत्रा तोंडावर होती. आमच्या जत्रेत आदल्या रात्री तमाशा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फडाची हजेरी असते, म्हणजे गावासाठी फुकट खेळ, आणि हजेरीच्या आधीचा अर्धा तास गेली काही वर्षं बाईंचा ठरलेला. त्या सकाळी मी पाहुण्याला कंपनीच्या गाडीतून घेऊन आले. वेशीवरच कमिटीनं त्याला फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला, आणि तो धरायला हात मोकळा नव्हता म्हणून तो नारळ शेवटपर्यंत माझ्याकडे राहिला. जो तो त्याला फुटबॉलबद्दल विचारत होता. त्याला फुटबॉल येत नव्हता. हे कळल्यावर गावाचा थोडा हिरमोड झाला, पण हौसाबाईंनी भाजीच्या पाटीमागून त्याला "ओब्रिगादा" म्हटलं तेव्हा तो जागच्या जागी थांबला आणि माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, आमच्याकडे अशीच पद्धत आहे.

स्टेजमागे बाई पिसं बांधून तयार होत्या. ज्या बाईंनी मुख्याध्यापकांना बेट केलं, त्या बाशिंगाची तीच गाठ तिसऱ्यांदा सोडून बांधत होत्या.

"बाई, घाबरू नका. तो फार साधा मुलगा आहे."

"त्याचं नाही गं," त्या म्हणाल्या. "हे आलेत. पहिल्या रांगेत बसलेत. पेन लावून."

मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. भाऊसाहेब खरंच पहिल्या रांगेत होते, इस्त्रीचा सदरा घालून, छत्री गुडघ्यांवर आडवी ठेवून. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर फेटा बांधलेला ब्राझील.

सूत्रसंचालकानं "थेट ब्राझीलवरून आपल्या मातीत" वगैरे केलं, शंकरनानांनी हलगीवर पहिली थाप मारली आणि बाई सुटल्या. अशा सुटल्या की विचारू नका. दत्तूचा पहिला फुगा दुसऱ्याच मिनिटाला फुटला. पाहुणा आधी हसला. मग त्याच्या कपाळावर आठ्या आल्या. मग त्यानं टाळ्यांनी ठेका धरायचा प्रयत्न केला, तो सुटला, पुन्हा धरला, पुन्हा सुटला. शेवटी त्यानं हात मांडीवर ठेवले आणि तोंड उघडं टाकून नुसता बघत राहिला. गाणं संपलं तेव्हा मंडप शिट्ट्यांनी फुटायचा राहिला होता, आणि तो उभा राहून टाळ्या वाजवत होता.

"पाव्हन्यांनी दोन शब्द बोलावं," कमिटीचे अध्यक्ष म्हणाले.

पाहुणा स्टेजवर आला. तो इंग्रजीत बोलायचा, मी माईकवर मराठीत सांगायचे. तो म्हणाला, फार सुंदर. माझ्या घरापासून इतक्या लांब हे गाणं ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. उच्चारसुद्धा चांगले आहेत. फक्त एक विचारू का? इतक्या वेगानं म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. तुम्ही कुणाचं ऐकून शिकलात?

बाईंनी कमरेची पिशवी उघडली आणि मोठ्या अभिमानानं मोबाईल त्याच्या हातात दिला. त्यानं गाणं लावलं, माईकजवळ धरलं. गाणं पळायला लागलं. त्यानं डोकं खाजवलं, पडद्यावर बोटानं काहीतरी दाबलं, आणि भोंग्यांमधून तीच बाई, तेच गाणं, पण संथ, सावकाश, उन्हात चालल्यासारखं यायला लागलं.

"चार्जिंग उतरलं वाटतं," बाई म्हणाल्या.

चार्जिंग उतरलं नव्हतं. तो मोबाईल पावणेदोनपट वेगानं चालत होता, आणि इतकी वर्षं तसाच चालत आला होता. भानगड माझ्या लक्षात आली ती तिथे उभ्या उभ्या. बाईंच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी सगळ्या शिक्षकांना मोबाईलवर ऑनलाइन प्रशिक्षणं घ्यावी लागत. व्हिडिओ शेवटपर्यंत गेल्याशिवाय प्रमाणपत्र निघायचं नाही. तेव्हा शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांनी सगळ्या स्टाफचे फोन घेऊन असं काही करून दिलं होतं की लावलेला प्रत्येक व्हिडिओ आपोआप पावणेदोनपट पळावा. बायका मटार सोलता सोलता प्रशिक्षित झाल्या. बाकीच्यांनी नंतर ते काढून टाकलं. बाईंनी काढलं नाही, कारण त्यांना त्या फोनवर पुढे फक्त ब्राझील बघायचं होतं, आणि ब्राझील मुळात किती वेगानं चालतं हे त्यांना कुठून माहीत असणार?

मी हे हळूच त्यांना सांगितलं. माईक चालू होता, त्यामुळे सगळ्या जत्रेलाही सांगितलं गेलं.

आणि मंडप जो हसत सुटला. शंकरनाना तर हलगी मांडीवरून खाली ठेवून हसत होते. "तरी मी म्हनत हुतो. तरी मी म्हनत हुतो." मागून कुणीतरी ओरडलं, "पाव्हनं, तुमीच म्हना की मंग. खरं कसं असतंय बगू तरी."

पाहुणा नको नको म्हणत होता, पण जत्रेपुढे कुणाचं चालत नाही. त्यानं डोळे मिटले आणि तेच गाणं म्हटलं. आवाज बेताचा, सूर इकडेतिकडे, पण संथ आणि मनापासून. पुढे बसलेल्या बायकांच्या मांडीवरची पोरं पेंगायला लागली. एक म्हातारी म्हणाली, "ह्ये तर अंगाईवानी हाय गं. पोर निजवायचं गानं दिसतंय."

मी बाईंकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या. ते गाणं त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या, असा त्यांचा चेहरा होता, आणि खरं म्हणजे तसंच होतं. त्यांनी डोक्यावरचं बाशिंग सोडलं, पिसं नीट करून खाली ठेवलं आणि माईक हातात घेतला. वर्गात उभं राहावं तशा उभ्या राहिल्या.

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं मी तुम्हा सगळ्यांना चुकीचं ऐकवलं. बोअरला, हळदीला, सगळीकडे. हा मुलगा म्हणतो तसं आहे ते. मला आता या वयात नव्यानं येणार नाही. तेव्हा आजपासून बंद."

हसणं तिथल्या तिथे थांबलं. दत्तू फुगा धरून तसाच उभा राहिला. मला वाटलं, हे मी काय करून बसले. चांगली गात होती बाई, नाचत होती, गाव हसवत होती, आणि मी गाडी करून, फेटा बांधून तिचं गाणं बंद करायला माणूस आणला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हातात नारळ असल्यामुळे ते पुसताही येईना.

तेवढ्यात पहिल्या रांगेतली खुर्ची करकरली. भाऊसाहेब उठले होते. छत्री टेकत ते स्टेजच्या पायऱ्या चढून आले, पाहुण्यापुढे उभे राहिले, आणि मला म्हणाले, "यांना इंग्रजीत सांग. म्हणावं, तुमचं चुकतंय."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "भाऊसाहेब, ते ब्राझीलचे आहेत."

"असतील. त्यांच्या देशाबद्दल मला आदर आहे. पण गाणं चुकतंय." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी रोज ऐकतो. चार ते साडेपाच. रविवारी दोनदा. मला ते सगळं पाठ आहे, हेही आणि बाकीचीही. यांनी तिसऱ्या ओळीनंतर थांबून श्वास घेतला. तिथे श्वास घ्यायचा नसतो."

"मग काय करायचं असतं?" मी विचारलं.

"तिथे ही हसते," भाऊसाहेब म्हणाले.

मी ते पाहुण्याला कसंबसं सांगितलं. माझं इंग्रजी तसं बरं आहे, पण त्या वाक्याला ते पुरेना. पाहुण्यानं भाऊसाहेबांकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि फेटा सावरत मान खाली घातली. तो म्हणाला, त्यांना सांगा, त्यांचं बरोबर आहे.

बाई हातात माईक धरून यजमानांकडे बघत होत्या. "अहो," त्या म्हणाल्या, आणि ते सगळ्या जत्रेला ऐकू गेलं, "तुम्ही ऐकत होतात?"

"पाराला दारं-खिडक्या आहेत का? ऐकू येतं, त्याला मी काय करणार?" भाऊसाहेब म्हणाले. "पेन आणलंय, पण सही कुणाची घ्यायची हा प्रश्न आता उरलेला नाही. गा."

ते खाली उतरून आपल्या खुर्चीवर बसले, या वेळी छत्री बाजूला ठेवून. शंकरनानांनी हलगी उचलली आणि बाईंना विचारलं, "सावकास घिऊ का?" बाईंनी मान हलवली, नाही. नानांनी मग तोच आपला वेग धरला, दत्तूनं अंगठा ओला केला, आणि बाई सुटल्या. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. तिसरी ओळ संपली आणि बाई हसल्या नाहीत. त्यांचा आवाज थांबला, त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि हलगी एकटीच थोडी पुढे निघून गेली.

भाऊसाहेब खुर्चीवरून म्हणाले, "चुकलं. पुन्हा पहिल्यापासून."